तांब्याची वेटोळी

एवांथिया खारलाम्पिदीनं नवऱ्याला आयुष्यात एकदाच मारलं, आणि तेवढ्यावर संसार संपला. कोस्त्या सुखुमीच्या बंदरावर मालमोटार चालवायचा. एका संध्याकाळी तो पिऊन आला, त्यानं हात उगारला, आणि एवांथियाच्या पिशवीत कामावरचा लाकडी हातोडा होता. तांब्याची पट्टी साच्यावर ठोकून बसवायचा हातोडा. कोस्त्याचं गळ्यापाशी असलेलं हाड मोडलं. ते सांधल्यावर तो बातुमीला निघून गेला तो परत आलाच नाही. शेजारणी म्हणाल्या, जरा जास्तच झालं. एवांथिया म्हणाली, "जास्त झालं असेल. पण पुरलं."

मार तिला नवा नव्हता. ती सहा वर्षांची असताना सुखुमीमागच्या डोंगरातल्या त्यांच्या तंबाखू पिकवणाऱ्या ग्रीक खेड्यात सरकारी शिपाई आले. सगळं गाव त्यांनी गुरांच्या डब्यांत कोंबलं आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. वाटेत तिचा तान्हा भाऊ गेला. आई त्याला खाली ठेवेना. शेवटी एका स्टेशनावर एका शिपायानं बंदुकीच्या दस्त्यानं आईचं मनगट फोडलं, गाठोडं ओढून घेतलं आणि रुळांच्या कडेला खडीवर ठेवलं. गाडी हलली. फळ्यांच्या फटीतून एवांथिया ते गाठोडं दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. आईच्या त्या हातानं पुढं कधी नीट मूठ वळली नाही.

तिथल्या कापसाच्या शेतांवरचे पाण्याचे पंप सारखे जळायचे. ते दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये एवांथिया मोटारींचं वाइंडिंग भरायला शिकली. पुढं ग्रीकांना परतायची मुभा मिळाली, तेव्हा ती सुखुमीला आली आणि समुद्राकाठच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत कॉइल भरायच्या कामाला लागली. तिथं नोदार शोनिया नावाचा जॉर्जियन शास्त्रज्ञ एक यंत्र उभं करत होता. किडकिडीत, मिशाळ, सतत खिशात किल्ल्या वाजवणारा माणूस. एवांथिया त्याला मान देऊन 'बाटोनो' म्हणे.

यंत्र म्हणजे एक पोकळ पोलादी कडं होतं, माणूस वाकून आत शिरेल एवढं. आतली हवा उपसून टाकायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि त्यातून प्रचंड वीज घालवायची. वायूचा प्लाझ्मा व्हायचा. तो इतका तापायचा की जगातली कुठलीच भिंत त्याला धरू शकली नसती. म्हणून त्याला भिंतीला शिवूच द्यायचं नाही. कड्याभोवती एवांथियाच्या हातची तांब्याची जाडजूड वेटोळी होती. त्यांच्या चुंबकाच्या जोरावर तो प्लाझ्मा कड्याच्या मधोमध अधांतरी धरून ठेवायचा. सूर्याला उजेड जिथून मिळतो तिथूनच माणसानंही वीज काढावी, असा सगळा खटाटोप होता.

"तापवणं सोपं आहे, एवा," नोदार म्हणायचा. "धरणं अवघड. जितकं आवळावं तितकं ते वळवळतं. आणि आपलं जिथं सैल असेल, नेमकं तिथूनच निसटतं."

निसटायचं ते साधंसुधं नाही. प्लाझ्माचं ते कडं आतल्या आत पिळवटायचं, भिंतीवर जाऊन आदळायचं आणि पापणी लवायच्या आत सगळा प्रवाह तुटायचा. त्याची सगळी ताकद मग पोलादात उतरायची. ते अवाढव्य धूड पायाच्या बोल्टांवर उसळायचं, धडाक्यानं काचा थरथरायच्या. एकदा कडं उघडून बघितलं तर आतल्या जाड पत्र्याला आरपार भोक. प्रवाह तुटताना उधळलेल्या इलेक्ट्रॉनांनी पाडलेलं. एकदा एक कॉइलच फाटली. तांब्याच्या पट्ट्या साच्यातून उपटून बाहेर आल्या होत्या, चाकाखाली आलेल्या जनावराच्या आतड्यांसारख्या. एवांथिया दिवसभर तिच्याशेजारी बसून होती. मग उठली आणि नवी भरायला घेतली.

या सगळ्याला लागणारी वीज तळघरातल्या लांब दालनात साठवलेली असे. तिथं लोखंडी डब्यांसारखे कॅपॅसिटर ओळीनं उभे होते, आत एरंडेल तेल भरलेले. ते दालन झौर आग्रबाच्या ताब्यात होतं. झौर अबखाझ, आडदांड, तोंडाचा फटकळ. एकदा त्यातला एक डबा फुटला आणि त्याच्या वरच्या चिनी मातीच्या खुंटीच्या ठिकऱ्या गोळ्यांसारख्या उडाल्या. झौरनं एवांथियाला जमिनीवर दाबलं. ती वाचली. त्याचा डावा कान कायमचा गेला. इस्पितळात ती भेटायला गेली तर हा पडल्या पडल्या तिलाच चिडवायला लागला.

"ग्रीक बाई, तुझ्या कॉइली तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त टिकतात गं."

"कॉइल दारू पीत नाही."

"मग उजव्या कानाशी ये. या बाजूनं तुझं बोलणं ऐकू येत नाही, हे एक बरं झालं."

वर्षानुवर्षं हे तिघं असे एकत्र होते. दुपारी झौरच्या घरचा मक्याचा घट्ट घाटा आणि खारवलेलं चीज, नोदारच्या बागेतली फळं, एवांथियाची कॉफी. कोण जॉर्जियन, कोण अबखाझ आणि कोण ग्रीक हे फक्त चेष्टेपुरतं निघायचं.

अबखाझांना सुखुमी आणि आसपासचा मुलूख जॉर्जियापासून वेगळा हवा होता, आणि ब्याण्णवच्या ऑगस्टात लढाई शहरात आली. किनाऱ्यावर माणसं पोहत होती, आणि वर हेलिकॉप्टरं गोळ्या झाडत होती. जॉर्जियन फौजेनं शहर घेतलं, अबखाझ नदीपलीकडे हटले. आणि जे अलीकडे अडकले त्यांची घरं एकेक करून फोडली जाऊ लागली. झौर अलीकडेच अडकला होता. बायकोमुलांना त्यानं आधीच पलीकडे पाठवलं होतं. तो कुंपणांमधून सरपटत प्रयोगशाळेत पोचला तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त होतं. त्याचं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्याचं होतं. त्याला दारातच मारलं होतं आणि झौरनं त्याला ओढून आत घ्यायचा प्रयत्न केला होता.

एवांथियानं त्याला त्याच्याच तळघरात लपवलं, शेवटच्या ओळीमागच्या केबलींच्या खड्ड्यात. नोदारला तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो भाकरी आणि चीज घेऊन स्वतःच खाली उतरला. तिथं मात्र पेटलं.

"तुमच्या लोकांनी माझं घर जाळलं," झौर म्हणाला. "तुझा भाचा आहे ना त्यांच्यात?"

"माझा भाचा तुझ्या गल्लीत नव्हता."

"मग कुणाचा होता? कुणाचा तरी भाचाच होता ना तो."

नोदारनं विचारलं की नदीपलीकडच्या गावात तुझ्या लोकांनी जॉर्जियनांचं काय केलं ते तू ऐकलंस का. झौरनं त्याची कॉलर धरली. नोदारनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. उभ्या जन्मात कुणावर हात न उगारलेल्या माणसाचा ठोसा, पण सगळ्या अंगानिशी मारलेला. दोघं जमिनीवर पडले, एकमेकांचे केस आणि गळे धरून. एवांथिया क्षणभर बघत राहिली. मग बाहेर येऊन तिनं लोखंडी दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "संपलं की वाजवा."

बऱ्याच वेळानं दार वाजलं. नोदारचा चष्मा मोडला होता, झौरचा ओठ फाटला होता. भाकरी दोघांनी मिळून खाल्ली होती.

एक गोष्ट मात्र एवांथियाला खटकत होती. शहरात वीज नव्हती, पण तळघरात एक लहान जनरेटर होता. बाकी सगळे कॅपॅसिटर नियमाप्रमाणे तांब्याच्या पट्ट्यांनी जोडून निर्धोक केलेले होते. शेवटची ओळ झौरनं जनरेटरवर भारून जिवंत ठेवली होती.

"मला धरायला येईल तो माझ्याबरोबर जाईल," तो म्हणाला.

"आणि मी आले तर?"

"तू दार वाजवून येतेस."

धरायला कुणी आलं नाही. आले ते तांब्यासाठी. बंदुका होत्या, कपडे अर्धे फौजेचे, अर्धे घरचे. लढाईच्या आडोशानं लुटालूट करणारी टोळी. म्होरक्याचं नाव बेसो. यंत्रातलं तांबं ट्रकांनी बंदरात न्यायचं आणि जहाजावर चढवायचं असा त्यांचा बेत होता. नोदार हॉलच्या दारात उभा राहिला. जॉर्जियनमध्ये, त्यांच्या आणि स्वतःच्या भाषेत, शांतपणे त्यानं सांगितलं की हे यंत्र तुमचंही आहे, एकदा मोडलं की पुन्हा कधी उभं राहणार नाही. बेसोनं सगळं ऐकून घेतलं. मग बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. नोदार गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दात हातात थुंकले. दुसऱ्यानं त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या, घाई न करता, पायवाटेवरचा दगड बाजूला सारावा तसा.

बेसो एवांथियाकडे वळला. "मावशे, जाड तांबं कुठं आहे?"

एकानं तळघराचं दार आधीच शोधलं होतं. वीज वाहून नेणाऱ्या मनगटाएवढ्या तांब्याच्या पट्ट्या बघून त्यांनी आनंदानं शिव्या दिल्या.

"तिथं विजेचा साठा आहे," एवांथिया म्हणाली. "आत जाऊ नका."

"शहरात दिवा लागत नाही, आणि हिच्या तळघरात वीज," बेसो म्हणाला. ते हसले. बेसोनं तिला बंदुकीनं ढोसत पुढं घातलं. एक मालमोटारवाला होता, लेवान नावाचा, खांद्यावर भलामोठा पाना टाकलेला. तो तिला ओलांडून पुढं गेला. पहिल्या ओळीवर त्यानं पाना आपटून बघितला. काही झालं नाही. दुसऱ्या ओळीवर आपटला. मागं वळून तिच्याकडे बघून डोळा मारला.

शेवटच्या ओळीपाशी त्यानं पाना उचलला, तेव्हा एवांथियाला वर जमिनीवर पडलेला नोदार ऐकू येत होता. श्वास घेताना त्याच्या घशातून घुरघुर येत होती. तिनं तोंड उघडलं. एक श्वास तिनं तसाच जाऊ दिला. मग ती ओरडली, "थांब."

पाना तोवर टेकला होता.

पांढरा उजेड आणि आवाज एकदमच आले. तिनं जमिनीवर पडल्या पडल्या डोळे उघडले तेव्हा लेवान भिंतीपाशी पडला होता, आणि ज्या हातात पाना होता तो हात उरला नव्हता. मागच्या माणसांना वाटलं, आतून कुणीतरी हातगोळा टाकला. त्यांनी दालनात बंदुका रिकाम्या केल्या. डब्यांची चाळण झाली, एरंडेल पिचकाऱ्यांसारखं उडालं, ठिणग्यांवर पेटलं. कोंदट, गोडसर धुरात माणसं लेवानला ओढत, खोकत जिन्याकडे पळाली.

एवांथिया उलट दिशेला गेली. केबलींच्या खड्ड्यातून झौर वर येत होता. डोकं आणि खांदे पेटलेले, तोंडातून आवाज नाही. तिनं अंगातला कोट त्याच्यावर टाकला, त्याला मिठीत घेऊन जमिनीवर लोळवलं, काखेत हात घालून पायरी पायरी वर ओढलं. तिच्या तळहातांची कातडी त्याच्या शर्टाला चिकटून राहिली.

वर बेसो उभा होता. "हा कोण?"

झौरच्या चेहऱ्यावर ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नोदार भिंतीला धरून उठला. तोंडात रक्त होतं, त्यामुळं त्याला नीट बोलता येईना. "माझ्या मावशीचा मुलगा," तो जॉर्जियनमध्ये म्हणाला. "आमचा इलेक्ट्रिशियन. बघा काय केलंत त्याचं."

बेसोनं क्षणभर दोघांकडे बघितलं. मग त्याची माणसं लेवानचं प्रेत ट्रकमध्ये चढवत होती तिकडे तो गेला.

नोदारनं त्याच तासाला झौरला स्वतःच्या गाडीत घातलं. प्रत्येक चौकीवर तो तेच सांगत होता, मावशीचा मुलगा, मावशीचा मुलगा. आणि त्याच्या स्वतःच्या फुटलेल्या तोंडाकडे बघून शिपाई गाडी सोडत होते. डोंगरातल्या आर्मेनियन खेड्यात झौरच्या ओळखीचं एक घर होतं. त्यांनी त्याला ठेवून घेतलं आणि जखमा सुकल्यावर पलीकडे पोचवलं.

बेसो परत आला. या वेळी ट्रक जास्त होते. करवतीनं कॉइली कापायला फार वेळ लागतो असं त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यानं एवांथियाला घरून आणलं आणि सांगितलं, "तू भरल्यास ना? मग तूच सोडव."

बंदूक मागं होती. एवांथियानं भाजलेल्या हातांना फडकी गुंडाळली आणि आपल्या कॉइली उलट्या सोडवायला सुरुवात केली. कुठली पट्टी कुठं दाबलीय, कुठं डिंक जास्त बसलाय, हे हातांना पाठ होतं, त्यामुळं काम भराभर होत होतं. त्याचाच तिला राग येत होता. तांबं मीटरामीटरानं जमिनीवर उतरत गेलं आणि माणसं ते तुडवत ट्रककडे नेत राहिली. शेवटच्या दिवशी कड्यावर काही उरलं नाही. ते उघडं पोलाद हॉलच्या मधोमध विटलेलं दिसत होतं.

बेसोनं सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि तिला टेबलाशी बसायला सांगितलं.

"लेवान माझ्या बहिणीचा नवरा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी तुझ्या पाठीमागं उभा होतो. तू श्वास घेतलास, सोडलास, आणि मग ओरडलीस. मी ऐकलं."

ती नाही म्हणू शकली असती. "हो," ती म्हणाली.

त्यानं तिचा डावा हात टेबलावर पसरला, तिचाच लाकडी हातोडा उचलला आणि एकेक बोट मोडलं. अंगठा तेवढा सोडला. ती ओरडली नाही असं नाही. बाहेर उभ्या माणसांनी ऐकलं आणि ट्रक सुरू केले.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रीस सरकारनं ग्रीकांना न्यायला जहाज पाठवलं. एवांथियाचं जाणं ठरलं. नोदार बंदरावर आला, पुढचे दात नसलेला, पिशवीत अंजिरं घेऊन. बायको त्सियाला हिला त्यानं जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला पोचवलं होतं. स्वतः मात्र परतला होता. एवांथियानं त्याला परोपरीनं सांगितलं की तुम्हीही जा, उद्या पलीकडचे शहर घेतील, तेव्हा तुमची पाळी येईल.

"मी कुणाचं काय केलंय, एवा?"

"मी तरी काय केलं होतं, बाटोनो? सहा वर्षांची होते."

त्यानं नकारार्थी मान हलवली. अंजिरं तिच्या धड हातात दिली आणि म्हणाला की झौर पलीकडे आहेच की, तो येईल.

झौर खरंच आला. सप्टेंबरच्या शेवटी अबखाझांनी शहर घेतलं आणि त्यांच्यामागोमाग तो धावत नोदारच्या घरी पोचला. दार मोडलेलं होतं. शेजारणीनं, डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर धरून, संत्र्यांच्या बागेकडे बोट दाखवलं. काही माणसं सकाळी आली होती. भाषा झौरची होती. नोदारनं त्यांना सांगितलं होतं की झौर आग्रबाला विचारा, तो माझ्याबद्दल सांगेल. त्यांच्यातल्या कुणालाही झौर आग्रबा माहीत नव्हता.

त्यानं नोदारला बागेतच पुरलं. मग बंदूक घेऊन त्या घराच्या ओट्यावर बसला. त्याच्याच बाजूची पोरं लुटायला आली तेव्हा त्यानं हवेत गोळी झाडली. त्यांनी त्याला गद्दार म्हटलं, ओट्यावरून खाली ओढलं, हात मोडला आणि घर पेटवून दिलं.

हे सगळं एवांथियाला ग्रीसमधल्या थेसालोनिकीत फोनवर समजलं. तिथं ती एका मोटार-वाइंडिंगच्या दुकानात कामाला लागली होती. वाकड्या बोटांनी जेवढं जमेल तेवढं करायची. फोन ठेवून ती दुकानामागच्या गल्लीत गेली आणि तिथल्या पत्र्याच्या पिंपावर लाथा मारत राहिली. मालक बाहेर आला, त्यानं बघितलं आणि दार लोटून परत आत गेला.

कित्येक वर्षांनी, ग्रीसचा पासपोर्ट हाती आल्यावर, ती रशियाच्या बाजूनं सुखुमीला गेली. त्सियालाला तिकडं जाता येत नव्हतं. जॉर्जियनांना वाट बंद होती. तिनं फोनवर एवढंच मागितलं होतं की नोदारला पुरलंय ती जागा बघून ये.

झौरनं तिला आधी हॉलमध्ये नेलं. छपरातून ऊन येत होतं. यंत्र भंगारात गेलं होतं, जमिनीवर तुटलेल्या बोल्टांची नुसती एक रांग गोल उभी होती. दोघंही तिथं फार थांबले नाहीत. बागेत गेले. झाडांमध्ये गुडघाभर गवत होतं, एकाच ठिकाणी कापलेलं.

एवांथिया त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि जे बेसोखेरीज कुणालाच कबूल केलं नव्हतं ते तिनं त्याला सांगितलं. लेवान पाना उचलत होता तेव्हा आपण ओरडू शकत होतो, आणि वेळेवर ओरडलो नाही.

"भारून ठेवलं होतं मी," झौर म्हणाला.

"तू भारलंस. मी बघत होते."

त्यानं भाजलेला गाल चोळला. "त्याला बायको होती ना?"

"बेसोची बहीण."

झौरनं तिला सूट दिली नाही, दोषही दिला नाही. विळा घेऊन त्यानं थडग्याभोवतीचं गवत आणखी थोडं लांबवर कापलं.

सीमा ओलांडून रशियातल्या सोचीला पोचल्यावर एवांथियानं तिबिलिसीला फोन लावला. घर जिथं होतं तिथून उभं राहिलं की उजवीकडची तिसरी रांग, तिनं सांगितलं. झाडाला दोन खोडं आहेत. डोकं समुद्राकडे आहे. त्सियालानं सगळं पुन्हा सांगायला लावलं, आणि एवांथियानं ते पुन्हा, सावकाश सांगितलं.